पळस रेशमावर उतरवताना: मराठवाड्याच्या उन्हापाण्यात बाटिक कसे करावे

पळसाचे फूल दुरून केशरी दिसते. परंतु तेच हातात घेऊन देठाच्या बाजूने पाहिले, तर पाकळ्या ज्या लहानशा पेल्यातून बाहेर येतात तो पेला जवळजवळ काळा, मखमलीसारखा लवदार असल्याचे लक्षात येते. पाकळ्यांवरही बारीक रुपेरी लव असते आणि पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या पाकळीच्या पाठीवर ऊन पडले की ती लव चमकते. रुपेरी, पिवळा, केशरी, तपकिरी आणि शेवटी काळा हा त्या फुलातला रंगांचा क्रम बाटिकच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. म्हणूनच रेशमावरच्या पहिल्या मोठ्या कामासाठी मी नेहमी पळस सुचवतो. फाल्गुनात अजिंठ्याच्या डोंगरांत किंवा बालाघाटावर पानगळ झालेल्या फांद्या फुलांनी लगडलेल्या असतात. तेव्हा चार फुले वेचून आणावीत आणि निदान एक फूल सोलून, त्याचा प्रत्येक भाग वेगळा करून पाहावा.

बाटिक म्हणजे कापडाचा जो भाग रंगापासून वाचवायचा आहे त्यावर वितळलेले मेण लावणे, कापड रंगात बुडवणे, पुन्हा मेण लावणे आणि पुन्हा त्याहून गडद रंगात बुडवणे. ही कला जावा बेटावर कळसाला पोहोचली आणि 2009 साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. रवींद्रनाथ ठाकूर 1927 मध्ये जावाला जाऊन आले आणि त्या सुमारास शांतिनिकेतनात बाटिकने मूळ धरले. पुढे चेन्नईजवळच्या चोलमंडल या 1966 साली वसलेल्या कलाग्रामातील चित्रकारांनी बाटिकसारख्या हस्तकलांवर आपला चरितार्थ चालवला. जावा, बंगाल आणि चेन्नई ही तिन्ही दमट हवेची ठिकाणे आहेत. आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक कृती अशाच हवेत बसवलेल्या असतात आणि त्या जशाच्या तशा आपल्याकडे केल्या की फसतात. बोअरचे जड पाणी, मेमधला चाळिसाच्या वर गेलेला पारा आणि परभणीकडे डिसेंबरात दहाच्याही खाली उतरणारी थंडी या तिन्ही गोष्टी साहित्याच्या यादीतच धरल्या पाहिजेत. पुढची सारी कृती तशी धरूनच लिहिली आहे.

कापड

नवशिक्याने एक मीटर लांब आणि सुमारे 110 सेंटिमीटर पन्ह्याचे, साधे विणलेले, पांढरे शुद्ध रेशीम घ्यावे. क्रेप सर्वांत सोयीचे पडते, कारण ते फार पातळही नसते आणि मेण दुसऱ्या बाजूपर्यंत सहज पोहोचू देते. रेशमाची जाडी ज्या मॉमी या मापात सांगतात त्यातला एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे 4.3 ग्रॅम, तेव्हा 14 मॉमीचे कापड चौरस मीटरला साधारण 60 ग्रॅम भरते. आपला तुकडा 65 ग्रॅमच्या आसपास भरेल, आणि पुढची सारी मापे या कोरड्या वजनावरून काढायची असल्यामुळे तो आधीच वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवावा. टसर सुंदर असते, पण त्याचा मूळ रंगच मधासारखा असल्यामुळे त्यावर पांढरा उजेड मिळत नाही. हिमरूचा जुना तुकडा हाताशी असला तरी तो वापरू नये. त्यात सूत आणि रेशीम एकत्र विणलेले असते, आणि दोन्ही तंतू रंग वेगवेगळा पितात.

खरेदी करताना कडेचे चार धागे मागून घ्यावेत आणि जाळून पाहावेत. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे उरलेली काळी गुठळी बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉनला कागद जळल्याचा वास येतो. मी एकदा या पाच मिनिटांच्या चाचणीचा संकोच केला, दुकानदाराच्या शब्दावर ‘प्युअर सिल्क’ घेतले, आणि तीन रंगफेऱ्या झाल्यावर मेण काढले तेव्हा लाल रंग मेणाबरोबरच गरम पाण्यात निघून गेला.

नवीन कापडावर खळ असते आणि कधी रेशमाचा मूळ डिंकही राहिलेला असतो. कोमट पाण्यात रिठ्याचे पाणी किंवा लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारे सौम्य द्रव साबण घालून त्यात कापड अर्धा तास ठेवावे, न पिळता खळबळावे आणि सावलीत वाळवावे. थेंबभर पाणी टाकताच ते क्षणात पसरले तर कापड तयार झाले असे समजावे. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवावे.

पाणी

इथे थोडे रेंगाळावेच लागेल. आपल्याकडची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची, आणि खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. चहाच्या भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा आहे. अशा पाण्यात साबण टाकला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि तो रेशमाच्या तंतूंवर बसतो. रंगाच्या पाण्यात सोडा टाकला की क्षार चुन्यासारखे खाली बसतात आणि गडद कापडावर पांढुरकी झाक येते, जी नंतर कितीही धुतली तरी पूर्ण जात नाही. मी पहिली दोन वर्षे ती झाक रंगाच्या दर्जामुळे येते असे समजत होतो आणि महागडे रंग मागवत होतो.

उपाय साधा आहे. रंगाचे द्रावण आणि साबणाचे पाणी यांसाठी आरओचे, म्हणजे घरोघरी येणाऱ्या वीस लिटरच्या जारचे पाणी वापरावे, किंवा पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पहिला पाऊस वाहून गेल्यानंतर साठवून ठेवावे. चार रंगफेऱ्यांना मिळून बारा लिटर पाणी पुरते. मधले खळबळणे बोअरच्या पाण्यात केले तरी चालते, मात्र शेवटचे एक पाणी पुन्हा जारचे असावे. मीठही खड्याचे न घेता शुद्ध बारीक घ्यावे, कारण खडेमिठात तेच क्षार असतात आणि जारच्या पाण्याचे पैसे वाया जातात.

आराखडा

चित्र आधी पूर्ण आकारात कागदावर काढावे आणि जाड काळ्या रेघेने पक्के करावे. रेशीम पातळ असल्यामुळे कागद खाली ठेवला की रेघा वर दिसतात. कापडावर पेन्सिल शक्य तितकी हलकी चालवावी, कारण शिसे मेणाखाली अडकले की तिथेच राहते. आकार मोठे ठेवावेत. एक फांदी, सात-आठ फुले आणि दोन कळ्या इतके पुरे. झाडभर फुले काढण्याचा मोह पहिल्या कामात टाळावा.

त्यानंतर एका कागदावर चार फेऱ्यांचा क्रम लिहावा. पहिल्या मेणाने पांढरे राखायचे ते राखावे: वाकड्या पाकळीच्या पाठीवरची रुपेरी रेघ आणि फांदीच्या एका अंगाची उन्हाची कड. मग कापड पिवळ्या रंगात जाते. दुसऱ्या मेणाने जिथे पाकळीतून ऊन आरपार दिसते ते पिवळे भाग झाकावेत आणि कापड लाल रंगात बुडवावे. पिवळ्यावर लाल चढून केशरी होते. तिसऱ्या मेणाने सावलीच्या घड्या सोडून पाकळ्या संपूर्ण झाकाव्यात आणि कापड फिकट निळ्यात बुडवावे. केशरीवर निळा चढला की तपकिरी होतो आणि तोच फांदीचा व घड्यांचा रंग ठरतो. चौथ्या मेणाने त्या घड्या आणि फांदी झाकावी आणि उरलेले कापड काळपट रंगात जाऊ द्यावे.

या शेवटच्या फेरीत एक बारकावा हमखास सुटतो. फुलाचा काळा पेला आणि मागची पार्श्वभूमी एकाच रंगात बुडणार असल्यामुळे दोन्ही एकजीव होतात आणि फुले हवेत तरंगल्यासारखी दिसतात. म्हणून चौथे मेण लावताना प्रत्येक पेल्याच्या एका कडेने केसाएवढी बारीक रेघ ओढावी. ती तपकिरीच राहते आणि तेवढ्याने पेला पार्श्वभूमीपासून सुटतो.

पार्श्वभूमी निळी असावी असा आग्रह बरेच जण धरतात. या क्रमात ते होत नाही, कारण तोवर मेणाबाहेरचे सारे कापड केशरीच्या पोटातून गेलेले असते आणि त्यावर निळा मळकट होतो. निळे आभाळ हवे असेल तर विषय बदलावा. पैठणच्या नाथसागर जलाशयाचे पाणी आणि त्यावर उतरलेले रोहित पक्षी फिकट निळ्याच्या क्रमात छान बसतात.

मेण

पाकळ्यांसाठी आणि फांदीसाठी दोन वेगळी मेणे करावीत. मेण तडकले की त्या भेगांतून रंग शिरतो आणि कापडावर बारीक रेषा उमटतात. पाकळ्यांवर अशा भेगा नको असतात, तेव्हा त्यांसाठी मधमाश्यांचे मेण आणि पॅराफिन निम्मे-निम्मे घ्यावे. मधमाश्यांचे मेण लवचिक असते आणि कापड हाताळताना तडकत नाही. फांदीच्या खरबरीत सालीला मात्र भेगाच शोभतात, म्हणून तिथे चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण घ्यावे. दोन्हींचे मिळून पाव किलो पुरते. बाजारात पॅराफिनच पिवळे करून मधमाश्यांचे म्हणून विकले जाते. खऱ्या मेणाचा तुकडा तळहातात चोळला की मधाचा वास येतो आणि तो मऊ पडतो.

कापड लाकडी चौकटीवर टाचण्यांनी ताणून घ्यावे, इतके की खाली टेबलाला कुठेही टेकणार नाही. मेण तापमान ठरवता येणाऱ्या विजेच्या भांड्यात 110 ते 120 अंशांदरम्यान ठेवावे. वीज मध्येच जाते हे गृहीत धरून शेजारी गॅसची लहान शेगडी आणि तिच्यावर तवा तयार ठेवावा. मेणाचे भांडे थेट ज्योतीवर न ठेवता तव्यावर ठेवले की उष्णता आवरता येते. धूर दिसू लागला म्हणजे मेण फार तापले, ताबडतोब आच बंद करावी. मेणाने पेट घेतलाच तर त्यावर झाकण घालावे. पाणी कधीही टाकू नये, भडका उडतो. काम खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि लहान मुले त्या खोलीत नसावीत.

बारीक रेघांसाठी चांटिंग नावाचे हत्यार वापरतात: लाकडी मुठीला तांब्याची किंवा पितळेची लहानशी वाटी आणि तिला बारीक तोटी. मोठ्या भागांसाठी राठ केसांचा चपटा ब्रश पुरतो. नायलॉनचे केस गरम मेणात वाकडे होतात. चांटिंग भरल्यावर तिची तोटी कापडाने पुसावी, खाली हाताचा तळवा किंवा कापडाची घडी धरून ती चित्रापर्यंत आणावी, आणि रेघ न थांबता ओढावी. हात थांबला की तिथे थेंब साचतो. मेण योग्य तापलेले असेल तर रेघ ओली काचेसारखी पारदर्शक दिसते. ती पांढरी, उंचवट्यासारखी दिसली तर मेण वरवर बसले आहे आणि रंग त्याच्याखालून शिरणार. प्रत्येक टप्प्यानंतर चौकट उलटी करून उजेडाकडे धरावी आणि मागच्या बाजूने जिथे मेण पोहोचलेले नाही तिथे पुन्हा मेण फिरवावे. हा कंटाळवाणा भाग आहे आणि चित्राचे बरेवाईट बहुतांशी इथेच ठरते.

रंग

मेण लावलेले कापड गरम रंगात घालता येत नाही, त्यामुळे थंड पाण्यात लागणारे प्रोसिऑन एमएक्स प्रकारचे रिॲक्टिव्ह, म्हणजे तंतूशी रासायनिक बंध जोडणारे, रंग घ्यावेत. ते घेताना ‘कोल्ड ब्रँड’ असे स्पष्ट विचारून घ्यावे. भुकटी उडून नाकात गेली तर श्वसनाचा त्रास होऊ शकतो. मास्क आणि हातमोजे घालूनच ती मोजावी.

65 ग्रॅम कापडाला पिवळा आणि लाल प्रत्येकी वजनाच्या एक टक्का, म्हणजे साधारण 0.65 ग्रॅम, फिकट निळा त्याच्या निम्मा आणि शेवटचा गडद रंग सहा टक्के, म्हणजे सुमारे 4 ग्रॅम लागतो. रंग आधी दोन चमचे पाण्यात कालवून तीन लिटर पाण्यात मिसळावा आणि त्यात 90 ग्रॅम मीठ विरघळवावे. पसरट घमेले किंवा ट्रे असा घ्यावा, की कापडाला घडी पडणार नाही. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून मग रंगात सोडावे, नाहीतर डाग पडतात. वीस मिनिटे हलवत राहावे. मग कापड बाजूला सारून, वेगळ्या भांड्यात विरघळवून थंड केलेला 30 ग्रॅम धुण्याचा सोडा घालावा आणि आणखी अर्धा-पाऊण तास ठेवावे. सुती कापडाच्या कृतीत सोड्याचे माप दुप्पट असते आणि कापड रात्रभर ठेवायला सांगतात. रेशीम प्राणिज तंतू आहे, फार वेळ सोड्यात राहिले तर त्याची चमक आणि बळ दोन्ही जातात. सोडा पडलेला रंग तासा-दोन तासांत निकामी होतो, म्हणून उरलेला राखून ठेवण्यात अर्थ नाही.

रंगाच्या पाण्याला 25 ते 35 अंश मानवतात. डिसेंबरात जारच्या पाण्यात एक तांब्या गरम पाणी घालावे लागते. मेमध्ये उलट अडचण येते: गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते आणि खळबळताना ते वापरले तर पाकळ्यांवरचे मेण मऊ होऊन सुटते. उन्हाळ्यात रंगकाम सकाळी नऊच्या आत आटोपावे. वाळवणे कोणत्याही ऋतूत सावलीतच करावे. मी एकदा एप्रिलअखेर दुसऱ्या फेरीनंतरचे कापड गच्चीवर दोरीला लावून जेवायला बसलो. परत येईपर्यंत दोरी सैल होऊन ते तापलेल्या फरशीवर टेकले होते. पॅराफिन साधारण 55 ते 60 अंशांना वितळते आणि आपल्याकडची उन्हातली फरशी त्याच्या जवळपास सहज जाते. पाकळ्यांच्या कडा पसरून तेलाच्या डागासारख्या झाल्या होत्या. पुढचे मेण लावण्यापूर्वी कापड पूर्ण कोरडे हवे, पण त्यासाठी आपल्याकडे पंख्याखालचा अर्धा तास बहुधा पुरतो. श्रावणात मात्र अख्खा दिवस जातो.

काळ्या रंगाविषयी एक सूचना. तयार मिळणारा रिॲक्टिव्ह काळा बहुधा अनेक रंगांचे मिश्रण असतो आणि रेशमावर तो लालसर किंवा तपकिरी निघतो. त्याऐवजी तीन भाग गडद निळा आणि एक भाग तपकिरी असा स्वतः मिसळावा आणि कापडाच्या कडेच्या पट्टीवर आधी पाहावा. ही पट्टी दोन इंच रुंद कापून ठेवावी आणि प्रत्येक फेरीत मुख्य कापडाच्या आधी बुडवावी.

वनस्पतिज रंगांचा विचार कोणाच्याही मनात येईल, कारण होळीला पळसाच्याच फुलांचा रंग करण्याची आपली जुनी रीत आहे. तुरटी लावलेल्या रेशमावर तो पिवळा-केशरी चढतो, पण मेणामुळे उकळता येत नसल्याने फार फिका राहतो. चार फेऱ्यांच्या कामाला तो पुरा पडत नाही; पहिल्या पिवळ्यासाठी मात्र जरूर करून पाहावा.

भेगा

चौथ्या मेणानंतर, काळ्या रंगाच्या आधी, फांदीवर भेगा पाडायच्या असतात. संपूर्ण कापड चुरगळले की भेगा पाकळ्यांवरही जातात आणि फूल जाळीत अडकल्यासारखे दिसते. फांदीचा भाग तेवढा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सालीच्या रेषेला आडवा मोडावा. परभणी-हिंगोलीकडच्या हिवाळ्यात मेण नुसत्या पहाटेच्या गारव्याने कडक होते आणि हात लावताच तडकते, इतके की तेव्हा पाकळ्यांनाच जपावे लागते. उन्हाळ्यात मेण चिवट राहते; तो भाग बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे धरल्याशिवाय स्वच्छ भेग पडत नाही. माझ्या मते आपल्याकडे भेगांच्या कामासाठी नोव्हेंबर ते जानेवारी आणि बारीक चांटिंगकामासाठी पावसाळ्याचे दिवस सर्वांत चांगले. पळस फुलतो फाल्गुनात, पण रेखाटने करून ठेवून काम थंडीवर ढकलणे शहाणपणाचे.

मेण काढणे

शेवटचा रंग वाळल्यावर कापड एक दिवस तसेच ठेवावे. मग खाली-वर कोरे, छपाई नसलेले कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवावी आणि कागद मेण पिऊन भरला की बदलत जावे. यातून बहुतेक मेण निघते, पण कापड ताठ आणि तेलकट राहते. मोठ्या पातेल्यात जारचे पाणी 80-85 अंशांपर्यंत तापवून, म्हणजे तळाशी बुडबुडे दिसू लागेपर्यंत, त्यात सौम्य द्रव साबण घालावा. त्यात कापड काठीने दोन-तीन मिनिटे हलवावे आणि झटकन उचलून थंड पाण्याच्या बादलीत टाकावे. उरलेले मेण कणाकणांनी घट्ट होते आणि हलक्या हाताने सुटते. असे तीन वेळा करावे. पाणी खळखळा उकळू नये आणि त्यात धुण्याचा सोडा घालू नये. पातेल्यातले पाणी निवल्यावर वर साचलेली मेणाची चकती काढून घ्यावी. पाणी तसेच मोरीत ओतले तर नळी तुंबते. ती चकती गाळून पुढच्या कामात वापरता येते, मात्र पांढऱ्या रेघांसाठी नेहमी नवे मेण घ्यावे.

शेवटच्या पाण्यात लिटरला एक चमचा व्हिनेगर घालावे. सोड्याचा उरलासुरला अंश त्याने जातो आणि रेशमाला त्याची ती ओळखीची सळसळ परत येते. कापड किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करावी. भिंतीवर लावणार असाल तर ऊन थेट न येणारी भिंत निवडावी, कारण रिॲक्टिव्ह रंगही सतत उन्हात फिके होतात.

कडेची ती दोन इंची पट्टी फेकू नये. तिच्यावर चारही रंग क्रमाने दिसतात. ती वहीत चिकटवून शेजारी कापडाचे वजन, रंगांची मापे, महिना, कामाची वेळ आणि पाणी बोअरचे होते की जारचे, एवढे लिहून ठेवावे.